दारातली खुर्ची

४ फेब्रुवारी

लेकीने ही वही दिली त्याला वर्ष होत आलं. "आई, तू डोक्यात घोळवत बसतेस आणि मग फोन करून माझंही डोकं खातेस. त्यापेक्षा लिहून काढत जा." आजवर हिच्यात दोनच गोष्टी उतरल्या आहेत. पहिल्या पानावर वाफेच्या इस्त्रीवाल्याचा नंबर, आणि दुसऱ्या पानावर एका गिऱ्हाइकाला मनातल्या मनात हासडलेल्या शिव्या.

आज लिहायला कारण घडलं. सकाळी लाँड्रीचं शटर वर केलं तर दारात खुर्ची.

लोखंडी, घडीची, हिरवा रंग पोपडे सुटून गेलेला, पाठीच्या दांड्या गंजलेल्या. उंबऱ्याला अगदी चिकटून ठेवलेली, तोंड दुकानाकडे. वर कुणी बसलेलं नाही. हे माझ्या मागे चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी खुर्ची पाहिली आणि कप तसाच आत नेऊन ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी चहा न पिता ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

ज्यांनी ही गल्ली पूर्वी पाहिली नाही त्यांना हसू येईल. तेव्हा इथे कोपऱ्यावरच्या पोरांचं राज्य होतं. थोरले आणि धाकटे असे दोन सख्खे भाऊ, आणि त्यांच्या हाताखाली ती पोरं. एखाद्याला गल्लीतून उठवायचं असेल तर ती शिव्या देत नसत, धमकी देत नसत. सकाळी त्याच्या दारात रिकामी खुर्ची ठेवत. संध्याकाळी उचलून नेत, दुसऱ्या सकाळी परत ठेवत. आठवडाभर. तेवढ्यात माणूस सामान बांधून गेला तर ठीक. नाही गेला तर आठव्या दिवशी धाकटे लोखंडी नळी घेऊन येत. समोरच्या बेकरीवाल्यांनी रागाने खुर्ची लाथेने उडवली होती. ते आजही पाय ओढत चालतात.

खुर्ची परत जाण्याचा एकच मार्ग होता. थोरल्यांनी स्वतः येऊन तिच्यावर बसायचं, पेलाभर पाणी मागायचं आणि म्हणायचं, "झालं." मग प्रकरण मिटलं.

आमच्याही दारात ती एकदा येऊन गेली आहे. मी तेव्हा नवी सून. थोरल्यांना पत्त्यांच्या क्लबसाठी आमची जागा हवी होती. सहा दिवस सासूबाई चूल पेटवायचं विसरत होत्या. सातव्या दिवशी थोरले आले, बसले, पाणी प्यायले. मामंजींनी त्यांचे सगळ्यांचे कपडे धुवायचं कबूल केलं होतं, डाग कशाचा ते न विचारता.

पण थोरले तुरुंगातच वारले. पोरं पांगली. एकजण शाळेची बस चालवतो, एकाला लिव्हरने नेलं, एक कुठेसा घरं विकतो. उरले फक्त धाकटे, तेही म्हातारे. हल्लीची मुलं कोपऱ्यावर उभीसुद्धा राहत नाहीत, घरात बसून मोबाईल बघतात. मग ही खुर्ची ठेवली कोणी?

५ फेब्रुवारी

संध्याकाळी नव्हती. सकाळी परत आहे.

हे दिवसभर बडबडत होते. घाबरले की ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटतो. "अगं, कुणाच्या तरी घरची उडून आली असेल." लोखंडी खुर्ची, उडून! मग म्हणे, "भंगारवाल्याला देऊ का?" मी म्हटलं, द्या की, हात लावून दाखवा. तर म्हणे माझी पाठ धरली आहे.

दुपारी एका नव्या गिऱ्हाईक बाईने साड्यांची पिशवी सहज त्या खुर्चीवर ठेवली. मी अशी किंचाळले की ती बिचारी दोन पावलं मागे गेली. जुनी माणसं मात्र लांबूनच बघतात आणि पलीकडच्या कडेने जातात. बेकरीवाल्यांनी आज आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

लेकीला फोन केला. ती मोठ्या इस्पितळात नर्सचं शिकते, तिथेच राहते. म्हणाली, पोलिसांत जा. जाऊन काय सांगू? दारात खुर्ची ठेवली म्हणून? उद्या टेबल ठेवतील तेव्हा या, असं म्हणतील.

६ फेब्रुवारी

आज धाकटे आले.

ते तसे नेहमी येतात. सगळ्या टोळीचे पांढरे शर्ट आमच्याकडे यायचे, आता फक्त त्यांचे येतात. सत्तरी उलटली तरी खांदे अजून दाराएवढे. काल कपडे घेऊन गेले होते. आज परत आले आणि हात पुढे केला. "शर्ट."

"काल नेलेत की तुम्ही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली, कॉलरचं एक टोक कानाला टेकलेलं. मला वाटलं, मुद्दाम करतायत. माझी परीक्षा बघतायत. मग हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याला सांग, सोमवारी येणार मी. दिवस भरत आले."

मामंजींना जाऊन पंधरा वर्षं झाली! त्यांनी भिंतीवरचा मामंजींचा फोटो पाहिला, त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा इथंच आहे ना?"

मी दोन्ही हातांनी काउंटर धरून उभी राहिले. म्हातारा जिथे आहे तिथे तुम्हालाही पाठवतो, ह्याशिवाय दुसरा काय अर्थ काढायचा? ते गेल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि धाकट्यांच्या तोंडी लागू नये." आणि मागच्या खोलीत जाऊन बसले, ते जेवायलाच बाहेर आले.

७ फेब्रुवारी

काल धाकटे काउंटरवर टाकून गेलेला शर्ट आज धुवायला घेतला. उजव्या खांद्यावर तपकिरी पट्टा. बोटाने चाचपून पाहिला, वास घेतला. रक्ताचा डाग मी झोपेतही ओळखेन, हा रक्ताचा नव्हे. गंजाचा. गंजाचा डाग साबणाने जात नाही, उलट पक्का बसतो. त्याला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकावं लागतं.

चोळता चोळता माझा हात थांबला. बाहेर जाऊन खुर्चीच्या पाठीची दांडी पाहिली. तेवढीच रुंदी.

म्हणजे खुर्ची धाकटे स्वतः खांद्यावर टाकून आणतात. पूर्वी खुर्ची नेहमी पोरं आणत, धाकटे फक्त शेवटच्या दिवशी उगवत. त्यांनी स्वतः ओझं उचलायचं म्हणजे ह्या वेळचा राग केवढा असेल! आपण काय वाकडं केलं त्यांचं, ते काही केल्या आठवत नाही. मागे एका शर्टाचं बटण बदलताना जरा वेगळ्या रंगाचं लागलं होतं. त्याचा एवढा राग?

खिशात अंगाच्या साबणाची ओली वडी निघाली. साबण कशाला? धुऊन टाकीन, असं सुचवायचं आहे का? ह्यांना दाखवली तर ह्यांनी ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, पुरावा म्हणून.

८ फेब्रुवारी

बेकरीवाले मागच्या दाराने आले. कधी येत नाहीत. बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले.

"वहिनी, रविवारपर्यंत निघा," म्हणाले.

"अहो, पण आता पोरं कुठे राहिली आहेत? एकटे धाकटेच तर आहेत."

"माझे गुडघे एकट्यानेच फोडले होते. बाकीची पोरं नुसती बघत होती."

ते गेल्यावर हे बॅग भरायला लागले. आधी दाढीचं सामान, मग रेडिओ, मग लग्नातला फोटो. कपडे भरायचे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे घड्या करून दिले आणि स्वतःचा एक सदरा ह्यांना सापडेना. मला हसू आलं आणि मग हसता हसता रडूच फुटलं. हे जवळ येऊन बसले. म्हणाले, "मी भित्रा माणूस आहे गं. तुझं लग्न दुसऱ्या कुणाशी व्हायला हवं होतं." मी म्हटलं, दुसऱ्याने इतकं हसवलं नसतं.

पण जायचं कुठे? लेक वसतिगृहात. दुकानाच्या मागे ह्या दोन खोल्या, हेच घर. ही इस्त्री, हे टेबल, ह्याच भिंती. इथून उठले तर मी कोण, हेच मला सांगता येणार नाही.

९ फेब्रुवारी

लेक आली. तिला बघून जीवात जीव आला, आणि लगेच जीव परत गेला, कारण ती थेट बाहेर जाऊन धाकट्यांशी बोलायला लागली. ते खुर्चीपाशी पहारा देत उभे होते. मी शटरच्या आडून बघत होते. ती त्यांना काय काय विचारत होती, ते उत्तरं देत होते. एकदा तर तिने त्यांची बटणं सोडून नीट लावून दिली.

आत येऊन ती म्हणाली, "आई, त्यांना विसरण्याचा आजार आहे. बराच वाढलेला. आमच्या वॉर्डात असे किती असतात. त्यांना आत्ताचं काही ठाऊक नाही. आजोबा जिवंत आहेत, थोरले बाहेरगावी गेलेत, पोरं कोपऱ्यावर आहेत, असंच ते धरून चाललेत. थोरल्यांनी ही जागा खाली करायला सांगितली तो जुना हुकूम पाळतायत ते."

मग बटणं, साबण, दोनदा शर्ट मागणं, सगळं माझ्या लक्षात आलं. मला वाटत होतं ते मला घाबरवतायत. त्यांना तर मी कोण तेही माहीत नव्हतं.

"मग सुटलो," हे म्हणाले.

"नाही बाबा. सोमवार त्यांच्या पक्का लक्षात आहे. आणि नळी आहे त्यांच्याकडे, पँटच्या आत खोचलेली. मी पाहिली."

ह्याचीच जास्त भीती वाटायला लागली आहे. शुद्धीतल्या माणसाच्या पाया पडता येतं. तुमचा भाऊ मेला, तुमचं राज्य संपलं, असं धाकट्यांना कोण पटवणार? लेकीने सांगून पाहिलं तर म्हणाले, "कालच भेटलो दादाला."

बेकरीवाल्यांकडून थोरल्यांच्या मुलीचा नंबर मिळाला. दुसऱ्या शहरात असते. काकांना घेऊन जाते म्हणाली, पण सासू इस्पितळात आहे, आठ-दहा दिवस तरी लागतील. सोमवार परवा आहे. लेकीने पोलीस चौकीतही फोन केला. ते म्हणाले, म्हातारा आजारी आहे तर डॉक्टरला बोलवा.

१० फेब्रुवारी

लेकीची परीक्षा आहे, तिला बळेच परत पाठवलं. इथे नसलेली बरी.

दुपारी न नेलेल्या कपड्यांची दांडी आवरत होते. हाताला काहीतरी चाळा हवा होता. सगळ्यात मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, थोरल्यांचा काळा कोट. अटक झाली त्या आठवड्यात ड्रायक्लीनला टाकलेला. मागायची कुणाची छाती झाली नाही आणि टाकून द्यायची आमची नाही. दर वर्षी मीच त्याला ब्रश मारून परत लटकवते.

पिशवी काढली आणि मला एकदम सुचलं. थोरले खुर्चीवर बसले की खुर्ची जाते.

ह्यांना सांगितलं. हे आधी हसले. मग मी हसत नाही हे बघून पांढरेफटक पडले. "अगं, मी? मला झुरळ दिसलं तरी मी टेबलावर चढतो!"

"बसायचंच आहे. बोलायचं काही नाही. पाणी मागायचं आणि 'झालं' म्हणायचं."

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"मी मागे उभी असेन," मी म्हटलं. जसं काही मी उभी राहिल्याने नळी लागणारच नव्हती.

कोट घालून पाहिला. खांदे जरा सैल, बाह्या लांब. मी वाफ देऊन कॉलर उभी बसवली, केस मागे वळवून दिले. आरशासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे बघून मलाच कसंसं झालं. त्यांनीही बराच वेळ पाहिलं.

११ फेब्रुवारी

अक्षर वाचता आलं तर नशीब.

सकाळी शटर उघडलं. खुर्ची होती. हे ती गल्लीकडे वळवून बसले. गल्लीत सामसूम. बेकरीवाल्यांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं, खालून त्यांच्या चपला दिसत होत्या. समोरचा मोबाईलवाला तेवढा गाणी लावून बसला होता. तो नवा आहे, त्याला कशाचीच खबर नाही.

धाकटे कोपऱ्यावरून आले. पांढरा शर्ट, हातात नळी. सरळ चालत आले. त्यांच्या चालण्यात आजार-बिजार काही नव्हता. मी ह्यांच्या मागे दारात, पाण्याचा पेला घेऊन. आता हे पळतील, असं मला वाटत होतं. पळाले असते तर मी दोष दिला नसता.

धाकटे खुर्चीसमोर थांबले. नळी वर गेली. आणि त्यांची नजर कोटावर पडली.

"दादा?"

हे म्हणाले, "पाणी." मी पेला दिला. अर्धं पाणी कोटावर सांडलं, पण ते प्यायले. आणि मग म्हणाले, "झालं."

नळी खाली पडली. केवढा आवाज झाला! धाकट्यांनी गुडघे टेकले आणि ह्यांचा हात धरून रडायला लागले. एवढा मोठा माणूस.

"किती दिवस उभा आहे मी इथं. कुणी बदलीला येत नाही. पोरं कुठं गेली दादा? मी कोपऱ्यावर जातो, कुणीच नसतं."

ह्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. का ठेवला मला ठाऊक नाही, मी सांगितलं नव्हतं. धाकटे उठले, खुर्ची मिटवली, खांद्यावर टाकली आणि निघून गेले.

आत आल्यावर हे घामाने निथळत होते. मी त्यांना घट्ट धरलं. भित्रा म्हणे! मला इतका अभिमान वाटला की मी नळी उचलून माळ्यावर टाकली आणि चांगला गोडाचा शिरा... नाही, दूध नव्हतं. चहाच केला. साखर जास्त घातली.

१२ फेब्रुवारी

खुर्ची परत दारात.

मी मटकन खालीच बसले. विसरले ते. कालचं सगळं पुसलं गेलं, हुकूम मात्र तसाच.

हे म्हणाले, "रडतेस काय? बसायचंच तर आहे." आणि मी न सांगता कोट घातला.

१७ फेब्रुवारी

रोजचंच झालंय. सकाळी खुर्ची, धाकटे, पाणी, झालं. धाकटे कधी रडतात, कधी नुसती मान डोलवतात. माझी भीती जरा बोथट झाली आहे. ह्यांची तर गेलीच म्हणायची. पाणी आता कोटावर सांडत नाही.

काल धाकटे गेल्यावर हे तसेच बसून राहिले. बेकरीवाले समोरून चालले होते. कोट बघून ते रस्त्याच्या कडेला सरकले आणि मान खाली घातली. मग स्वतःच ओशाळून हसले. "सवय हो वहिनी, दुसरं काही नाही." संध्याकाळी त्यांनी पावांची पिशवी पाठवली.

ह्यांनी मला कोटाच्या बाह्या आखूड करायला सांगितल्या. मी म्हटलं, चार दिवसांच्या नाटकाला कशाला? म्हणाले, कर. केल्या.

२२ फेब्रुवारी

थोरल्यांची मुलगी आली आणि काकांना घेऊन गेली. साधी, दमलेली बाई. वडिलांचा कोट ह्यांच्या अंगावर बघून तिचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "राहू दे, तुम्हालाच. आमच्या घरी ती आठवण नको."

गाडीत बसताना धाकट्यांनी ह्यांचा हात सोडला नाही. "दादा, गल्ली सांभाळ."

"झालं," हे म्हणाले.

गाडी गेल्यावर मी हसत वळले. वाटलं हे आता कोट भिरकावून नाचतील, नक्कल करून दाखवतील. हे गाडी गेली त्या बाजूला बघत उभे होते. मी खुर्ची भंगारात द्यायला काढली तर म्हणाले, "असू दे. कामाला येईल." मिटवून दाराआड ठेवली.

सुटलो एकदाचे! आज मी दुपारी दोन तास गाढ झोपले.

२८ फेब्रुवारी

मोबाईलवाला आपली पाटी आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या दारापर्यंत आणतो. त्यावरून हे आजवर कितीदा त्याच्याकडे हात जोडून गेले असतील. तो "हो काका, हो काका" म्हणतो आणि गाण्याचा आवाज वाढवतो.

आज हे कोट घालून गेले. बोलले काहीच नाहीत. नुसते त्याच्या दुकानासमोर उभे राहिले. थोड्या वेळाने गाणी बंद झाली आणि पाटी आत गेली.

दुपारी तो इस्त्रीचे कपडे न्यायला आला. दबक्या आवाजात विचारतो, "काकी, काका आधी काय करायचे?"

"कपडे धुवायचे."

"त्याच्या आधी?"

मला इतकं हसू आलं! ह्यांना सांगितलं तर ह्यांना आलं नाही.

५ मार्च

हे हल्ली कमी बोलतात. पूर्वी ह्यांची बडबड ऐकून माझे कान किटायचे, आता घरात घड्याळ ऐकू येतं. वय झालं, माणूस शांत होतो, असं मी स्वतःला सांगते. सकाळी मी म्हटलं, "काय थोरले, चहा घेणार का?" तर असं पाहिलं माझ्याकडे. मी कप ठेवला आणि आत गेले.

शाळेची बस चालवणारा आला होता, तोच, जुन्या पोरांतला. खुर्ची दिली तरी बसला नाही. ह्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे गप्प झाले. जाताना तो ह्यांना "दादा" म्हणाला. ह्यांच्याहून तो वयाने मोठा असेल.

जेवताना विचारलं, काय काम होतं? म्हणाले, "तुला काय करायचंय?" इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, त्यावरही काही बोलले नाहीत.

९ मार्च

सकाळी जाग आली तेव्हा हे अंथरुणात नव्हते. फिरायला गेले असतील म्हटलं. मी शटर वर केलं. ह्या महिन्याभरात सवय लागली आहे, आधी उंबऱ्याकडे बघते. रिकामा. बरं वाटलं.

मग मान वर केली. खुर्ची मोबाईलवाल्याच्या दारात होती.

तोंड त्याच्या दुकानाकडे, उंबऱ्याला चिकटून. तो हातात किल्ल्या घेऊन हसत उभा. "काकी, तुमची ही खुर्ची इथं कुणी ठेवली हो?" बेकरीवाल्यांचं शटर अर्ध्यावर आलेलं. खालून चपला दिसत होत्या.

"ते खुर्चीवाले म्हातारे परत आले असतील," मी म्हटलं. "हात लावू नकोस."

आत येऊन थोरल्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका? इथेच आहेत की. माझ्यासमोर बसून दूध पितायत."

दाराआड पाहिलं. खुर्चीची जागा रिकामी होती. तिथे फरशीवर गंजाच्या चार खुणा.

काउंटरवर कोट घडी करून ठेवलेला होता, धुवायचे कपडे ठेवतो त्या जागी. उलगडला. काळ्या कापडावर पटकन दिसत नाही, उजेडात तिरका धरावा लागतो. उजव्या खांद्यावर पट्टा होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबू चिरलं. मीठ घेतलं. मीच हा कोट पिशवीतून काढला होता, मीच वाफ देऊन कॉलर उभी केली होती. चोळत असताना हे मागे येऊन उभे राहिले.

"निघेल ना?"

"निघेल," मी म्हटलं. डाग कशाचा ते विचारलं नाही.

मी नळी टाकली होती त्या माळ्याखाली त्यांनी स्टूल ओढलं आणि वर हात घालून काहीतरी चाचपू लागले. मला भीती वाटते आहे, धाकट्यांची कधी वाटली नाही इतकी. लेकीला सांगावं म्हणून फोन हातात घेतला. तिने उचललासुद्धा. "आई? काय झालं?"

स्टुलावरून उतरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काही नाही गं, सहज केला होता, आणि ठेवून दिला.